वाटाड्याचे काय करायचे?

मराठीचे अध्यापन करणाऱ्या दोन मध्यमवयीन माणसांनी फाशांच्या खेळाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही ते थोडे तसेच वाटते. पण २०२१ च्या दिवाळीपासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे पुण्यात एका माजी विद्यार्थ्याच्या गच्चीवरील खोलीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळत आलो आहोत, आणि या खेळाने आम्हांला एका प्रश्नापाशी असे आणून सोडले आहे की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रश्न दिसायला साधा आहे. जे पात्र लढाईत फारसे कामाचे नाही, पण लढाईबाहेर सर्वांच्या उपयोगी पडते, त्याला खेळात न्याय्य वाटा कसा द्यायचा?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. टेबलाभोवती पाच-सहा माणसे बसतात. प्रत्येकाने एक पात्र रचलेले असते. कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी शाहीर. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, इतर जण आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे यशापयश अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. कीर्तनकाराने पूर्वरंग मांडावा आणि उत्तररंगात श्रोत्यांनीच उठून आख्यान हवे तिकडे ओढून न्यावे, असे काहीसे. आमच्या टेबलावर सूत्रधारी आम्हां दोघांत वाटलेली आहे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने नकाशा आणि नियमांची पुस्तके सांभाळायची. तेव्हा पुढे जी चूक सांगणार आहोत ती आम्हां दोघांची, समसमान.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. तो युद्धखेळांच्या पोटी जन्मला, ही गोष्ट त्याच्या हाडांत आजही आहे. पण त्या पहिल्या पुस्तिकांत आणखी एक गोष्ट होती, ती आम्हांला फार उशिरा कळली. रानावनातल्या प्रवासासाठी त्यांनी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या, १९७२ साली निघालेल्या एका वेगळ्याच खेळाचा पट वापरायला सांगितला होता. त्या खेळात शत्रू जवळजवळ नाहीच. त्यात माणसे वाट चुकतात, तहानेने व्याकूळ होतात, उपाशी मरतात. म्हणजे तलवारीइतकेच वाट चुकणेही या खेळाच्या मुळाशी आहे. पुढे तलवारीचे नियम वाढत गेले आणि वाट चुकण्याचे आक्रसत गेले.

त्या मूळ पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक. चोर नव्हता. तळघरात शिरल्यावर भिंती ठोकून पाहणे, फरशी पोकळ वाजते का ते ऐकणे, दाराआड कान देणे, हे ज्याने त्याने बोलून करायचे. १९७५ साली 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीतून चोर आला आणि त्याच्याबरोबर टक्केवारी आली. कुलूप उघडण्याची इतकी, सापळा निकामी करण्याची इतकी, दबक्या पावलांनी जाण्याची इतकी. वरवर पाहता एका नव्या पात्राला काही दिले गेले. प्रत्यक्षात बाकीच्या सर्वांकडून काही काढून घेतले गेले, कारण ज्या गोष्टीवर एकाच्या नावाची पाटी लागते तिला इतर जण हात लावेनासे होतात. आमच्या महाविद्यालयात एका सहकाऱ्याला संगणक येतो असे एकदा ठरले आणि त्यानंतर दहा वर्षे इतरांपैकी कुणीही छपाईयंत्रात कागदसुद्धा भरला नाही. असो.

बिचाऱ्या चोराची दुसरी अडचण अशी की, तो यायच्या आधीच त्याचे अर्धे काम मांत्रिकाच्या पोथीत जाऊन बसले होते. बंद दार उघडण्याचा 'नॉक' नावाचा मंत्र पहिल्या पुस्तिकांतच आहे. चोराने फासा टाकायचा, तो पडेल किंवा न पडेल. मांत्रिकाने मंत्र म्हणायचा, दार उघडलेच. एका मंत्राचा खर्च सोडला तर दुसरी किंमत नाही. या एका मंत्राचा इतिहास लिहिला तरी आमच्या प्रश्नाचा इतिहास लिहून होईल. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने लढाईबाहेरच्या मंत्रांचे स्वतंत्र विधी केले. त्यांना वेळ लागे आणि सोने लागे, त्यामुळे चोराला थोडी हवा मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मंत्र पुन्हा मंत्रांत नेऊन बसवला, पण एक अट घातली: दार उघडताना असा ठोका वाजतो की तो तीनशे फुटांवर ऐकू जातो. हे तीनशे फूट आम्हांला फार आवडतात. मंत्र दुबळा केलेला नाही, दार उघडतेच. पण आता चोर हळूच विचारू शकतो, "आवाज करायचा आहे, की मी बघू?" या 'की' मध्ये त्याची सारी प्रतिष्ठा सामावलेली आहे.

हे सगळे शहाणपण आम्हांला नंतर आले. आधी चूक झाली.

आमच्या गटात बँकेत नोकरी करणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळा तापेपर्यंत तिचे शनिवार सह्याद्रीत जायचे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याकडे जाणारी धार तिने किती वेळा केली होती याची तिलाच गणती नसावी. ढोरवाट कोणती आणि माणसांची वाट कोणती, कारवीच्या रानात पायवाट हरवली तर कोणत्या बाजूला सरकायचे, सोंडेवरून उतरावे की नाळेतून, हे ती असे सांगे की आम्ही दोघे वर्गात शब्दार्थ शिकवणारे, त्या शब्दांचा खरा अर्थ तिच्याकडून शिकत होतो. तिने पात्र निवडले ते 'रेंजर'चे. या वर्गाचा जन्मही १९७५ चाच. टॉल्किनच्या ॲरागॉर्नची सावली त्याच्यावर स्पष्ट आहे. आमच्या टेबलावर त्याला पहिल्या दिवसापासून 'वाटाड्या' म्हटले गेले. तिच्या वाटाडीचे नाव होते सोनकी. सोनकीने आपला प्रदेश म्हणून डोंगर निवडला, यात नवल नव्हते.

२०१४ च्या नियमांप्रमाणे वाटाड्याला आपल्या निवडलेल्या प्रदेशात काय काय मिळते ते पाहा. अवघड भूभागामुळे त्याच्या गटाचा प्रवास मंदावत नाही. जादूटोण्यावाचून त्याचा गट वाट चुकूच शकत नाही. दुसऱ्या कामात असला तरी तो धोक्याविषयी सावध असतो. अन्न शोधायला गेला तर दुप्पट सापडते. माग काढताना पुढे किती जण गेले, केवढे होते आणि किती वेळापूर्वी गेले हे त्याला नेमके कळते. वाचताना वाटते, वा, केवढे हे दान! आम्हांलाही तसेच वाटले. उलट जरा जास्तच दिले आहे, असे आमच्यापैकी एकाचे मत पडले होते.

मोहीम सुरू झाली. गटाला डोंगररांगेपलीकडच्या एका मठात पोहोचायचे होते. अकरा दिवसांची वाट. आम्ही नियम पाहिले. वाट चुकणार नाही. वेग कमी होणार नाही. अन्न दुप्पट मिळणार. तेव्हा सांगण्यासारखे उरलेच काय? आम्ही सांगितले, "सोनकीच्या मार्गदर्शनाखाली अकरा दिवसांनी तुम्ही खिंडीपलीकडे पोहोचता." एक वाक्य. सगळ्यांनी सोनकीकडे पाहून मान डोलावली. कुणीतरी टाळीही दिली. मग मठाच्या दाराशी सहा रानटी लांडगे आले आणि त्यांच्याशी लढाई झाली.

आता हिशेब करू या. या खेळात लढाईची एक फेरी म्हणजे पात्रांच्या जगातले सहा सेकंद. लांडग्यांशी लढाई पाच फेऱ्या चालली, म्हणजे अर्धे मिनिट. आमच्या गच्चीवर त्या अर्ध्या मिनिटाला सव्वा तास लागला, मध्ये चहा धरून. अकरा दिवसांना एक वाक्य आणि अर्ध्या मिनिटाला सव्वा तास! कथनशास्त्रात आम्ही कथाकाळ आणि कथनकाळ यांतला भेद मुलांना शिकवतो, उदाहरणे देतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो. पण आमच्याच टेबलावर हा भेद एका व्यक्तीला हळूहळू बाहेर ढकलत आहे, हे आमच्या लक्षात आले नाही.

असे सात-आठ रविवार गेले असतील. तिचे बोलणे कमी होत गेले. लढाईत ती बाण मारी, तो लागे किंवा न लागे. लढवय्या एका फेरीत दोन-दोन वार करी, मांत्रिक आगीचे लोळ उठवी. त्यांच्या तुलनेत तिचे बाण साधेच. आम्हांला वाटले, तिला लढाईत कमी पडते आहे. म्हणून आम्ही तिला एका थडग्यात एक जादूचे धनुष्य सापडू दिले. तिने आभार मानले. पुढच्या रविवारी कार्यालयात काम निघाले, त्याच्या पुढच्या वेळी बरे नव्हते, आणि मग ती येईनाशी झाली.

गणपतीत ती भेटायला आली तेव्हा आम्ही विचारले. ती हसली. म्हणाली, "मॅडम, सोनकीला वाट माहीत आहे, म्हणून तिला कुणी वाट विचारतच नाही."

या एका वाक्याने आमची बरीच रात्र खाल्ली. मेळघाटात फिरलेल्या माणसाला 'तुला रान माहीत आहे ना, मग रानाचा विषय संपला' असे म्हणावे, तसे आम्ही केले होते. नियमाने तिला जे दिले ते तिच्या हातात पडताक्षणी नाहीसे होणारे होते. लढवय्याला 'तू लढाईत चांगला आहेस' असे सांगून कुणी लढाया काढून टाकत नाही. उलट त्याच्यासाठी लढाया मांडतात. वाटाड्याला मात्र 'तू वाट चुकत नाहीस' असे सांगून वाटच काढून टाकली जाते.

आमच्या मते या कौशल्यांचा समतोल दोन परस्परविरुद्ध टोकांना बिघडतो, आणि गंमत अशी की दोन्ही टोकांना अनुभव एकच येतो. एका टोकाला असते ते कौशल्य ज्याला प्रसंगच येत नाही. डोंगर निवडलेल्या वाटाड्याला सूत्रधाराने सहा महिने समुद्रावर फिरवले की झाले. दुसऱ्या टोकाला असते ते कौशल्य जे प्रसंग येताच त्याला गिळून टाकते. पहिल्याविषयी तक्रार करता येते. दुसऱ्याविषयी करता येत नाही, कारण कागदावर तुम्ही सर्वशक्तिमान असता. म्हणून हे दुसरे टोक अधिक फसवे. आणि धनुष्य देऊन ते सुधारत नाही. बाहेरची उणीव आत भरून काढण्याचा तो प्रकार. जेवायला बोलावून उपाशी ठेवलेल्या पाहुण्याच्या हाती निघताना नारळ द्यावा तसा.

त्यातच आमच्या गटात आणखी एक पात्र होते, वनदेवतेचा उपासक. त्याच्याकडे 'गुडबेरी' नावाचा अगदी पहिल्या पायरीचा मंत्र. एकदा म्हटला की दहा बोरे तयार होतात आणि एका बोराने एका माणसाचे दिवसभराचे पोट भरते. आमची मुले त्यांना शबरीची बोरे म्हणत. म्हणजे सोनकीला दुप्पट अन्न सापडो की चौपट, पाच जणांच्या गटाला दहा बोरे रोजची तयार. तिच्या उरल्यासुरल्या कामावरही बोळा फिरला. हा मंत्र चालवणारा मुलगा अतिशय सज्जन. त्याच्या मनातही येईना की आपण कुणाचे काही घेत आहोत. तो आपला मदतच करत होता. साहाय्यक कौशल्यांच्या बाबतीत हे नेहमी होते. एकाची मदत दुसऱ्याच्या मदतीवर पडते आणि दोघांनाही बोलायची सोय राहत नाही.

भूक मिटवणाऱ्या वस्तूची गोष्ट आली की आपल्याकडच्या माणसाला दुसरे काय आठवणार? द्रौपदीची थाळी. वनपर्वात सूर्याने दिलेले ते पात्र कितीही जणांना पुरे, पण एका अटीवर: द्रौपदीचे जेवण होईपर्यंत. ती जेवली की त्या दिवसापुरते संपले. ही अट नसती तर थाळीची गोष्ट 'पांडवांना वनवासात अन्नाची ददात पडली नाही' या एका वाक्यात आटोपली असती, आमच्या अकरा दिवसांसारखी. अट आहे म्हणून दुर्वास नेमके तिच्या जेवणानंतर येतात, शिष्यांचा मेळा नदीवर स्नानाला जातो, द्रौपदी कृष्णाचा धावा करते, आणि कृष्ण येऊन म्हणतो की मलाच भूक लागली आहे. मग थाळीच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान. ज्या कुणाला ही अट सुचली त्याला या खेळाच्या बऱ्याच रचनाकारांपेक्षा अधिक कळत होते असे आमचे प्रामाणिक मत आहे. अटीने थाळीची शक्ती तसूभरही कमी होत नाही. अट तिला दिवसातली एक वेळ देते, आणि वेळ आली की पुढे प्रसंग आपोआप येतो.

मात्र महाभारतही या पक्षपातातून सुटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. विराटाच्या घरी पांडव वर्षभर राहिले ते पूर्णपणे लढाईबाहेरच्या कौशल्यांवर. भीम स्वयंपाकी, अर्जुन नृत्यशिक्षक, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, धर्मराज फासे घेऊन राजाच्या करमणुकीला. केवढी सामग्री! पण त्या पर्वातले आपल्याला काय आठवते? कीचकाचा वध आणि गोग्रहणाची लढाई. भीमाने वर्षभरात काय रांधले हे कुणी विचारत नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही इतर खेळांची पुस्तके मागवून वाचली. त्यातला 'कॉल ऑफ कथुल्हू' हा १९८१ चा, सँडी पीटरसन यांचा खेळ आम्हां दोघांना फार जवळचा वाटला, कारण त्यात 'ग्रंथालय वापरणे' नावाचे एक रीतसर कौशल्य आहे, टक्केवारीसह. आयुष्यात प्रथमच आपल्या पेशाला कुठल्यातरी खेळात किंमत आहे असे वाटून आम्ही सुखावलो. पण त्यातही मेख होती. ग्रंथालयातल्या जुन्या वृत्तपत्रात दडलेला धागा शोधायला फासा टाकला आणि तो पडला नाही तर काय? तपासच थांबतो. इथे कौशल्य प्रसंग गिळत नाही, तर फासा कौशल्याला गिळतो.

यावर रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीने काढलेला तोडगा विलक्षण आहे. २००८ चा 'ट्रेल ऑफ कथुल्हू' हा केनेथ हाइट यांचा खेळ याच पद्धतीवर बेतलेला आहे. तपासाचे कौशल्य तुमच्यापाशी असेल आणि तुम्ही योग्य जागी ते वापरले, तर मुख्य धागा मिळतोच; फासा टाकायचाच नाही. अधिक काही हवे असेल तर आपल्या शिलकीतले गुण खर्च करायचे. शिवाय पात्रे रचताना प्रत्येकाला तपासकौशल्यांसाठी किती गुण द्यायचे हे टेबलाशी किती खेळाडू आहेत त्यावरून ठरते, जेणेकरून सगळ्यांची मिळून सगळी कौशल्ये व्हावीत आणि प्रत्येकाला स्वतःचे असे काही राहावे. समतोल म्हणजे दोन पात्रांना एका तराजूत तोलणे नव्हे, तर पाच जणांत वाटणी करणे, हे आम्हांला त्या पानावर कळले. 'धागा सापडेल का' हा प्रश्न त्या खेळाने सोडून दिला आहे. सापडल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्याने ठेवला आहे. आमच्या सोनकीच्या बाबतीत आम्ही पहिला प्रश्न सोडला, आणि त्याच्या जागी दुसरा ठेवायला विसरलो.

फाशात भर घालण्याची जी मदत असते तिच्याविषयी फार लिहीत नाही. 'गायडन्स' नावाचा एक फुकटचा मंत्र आहे. दुसऱ्याच्या प्रयत्नाला चार बाजूंच्या फाशाची जोड देतो. आमचा धर्मोपासक प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी यांत्रिकपणे "गायडन्स" म्हणे, जसे काही लोक प्रत्येक शिंकेला "सत्य" म्हणतात. आकड्यांच्या दृष्टीने उत्तम मदत. पण ती करणारा माणूस त्या क्षणी टेबलावर असतो असे आम्हांला कधी वाटले नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत मंत्र म्हणतानाच कोणत्या कौशल्यासाठी ते ठरवावे लागते, ही बारीकशी सुधारणा बरी आहे.

मूळ अडचण अशी की लढाईत प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो. फासा टाकून क्रम लागतो आणि मग लाजाळूतल्या लाजाळू खेळाडूलाही विचारले जाते: तू काय करतोस? लढाई संपली की ही लोकशाही संपते. मग जो मोठ्याने बोलतो त्याचे पात्र बोलते. चौथ्या आवृत्तीने लढाईबाहेरही क्रम लावून, ठरावीक अपयशांच्या आत ठरावीक यशे मिळवण्याची एक रीत काढून पाहिली होती. हेतू चांगला होता. आम्ही ती करून पाहिली तेव्हा मात्र प्रत्येक जण आपल्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा शोधू लागला आणि राजदरबारातल्या वाटाघाटीत लढवय्या कोलांट्या मारू लागला. ते लवकरच सोडले.

शेवटी आम्ही केले ते अगदी साधे होते. तिला फोन करून सांगितले की एकदा ये, डोंगर आहे. पाच महिन्यांनी ती आली. त्या रविवारी गटाला जळालेल्या गावातल्या चौतीस माणसांना घेऊन डोंगर ओलांडायचा होता. आम्ही सोनकीच्या नियमाला हात लावला नाही. ती वाट चुकणार नव्हतीच. पण या वेळी आम्ही एक चिठ्ठी फक्त तिच्या हातात दिली. तीत तीन वाटा लिहिल्या होत्या. धारेवरची, दोन दिवसांची, पण उघडी आणि वाऱ्याची. खालच्या दरीतली, सहा दिवसांची, पाण्याची, आणि जिच्यावर घोडेस्वारांचे माग होते. तिसरी एक नाळ, चार दिवसांची, म्हाताऱ्यांना उतरता येईल की नाही अशी. इतरांना यातले काही दिसत नव्हते; तिने सांगितले तरच कळणार. आणि बोरे दहा, माणसे चौतीस. उपासकाने आपले इतर सगळे मंत्र बाजूला ठेवले असते तर कदाचित पोटे भरली असती, पण मग जखमा कुणी बांधायच्या? सज्जन मुलगा पहिल्यांदाच अडचणीत आला आणि त्याच्या चेहऱ्यावर आम्हांला आनंद दिसला.

त्या दुपारी एकही लढाई झाली नाही. तीन तास वाद झाला. सोनकीने घोडेस्वारांचा माग वाचून सांगितले की बारा जण, काल सकाळी, आणि परत आलेले नाहीत. मग ती म्हणाली, नाळेने जाऊ. म्हाताऱ्यांना दोरावर घेऊ. एका आजीबाईंनी उतरायला नकार दिला तेव्हा सगळे सोनकीकडे पाहू लागले. तिने काय केले ते सांगत नाही, ते त्या टेबलाचे आहे. पण त्या क्षणी तिच्या कागदावरचा एकही आकडा तिच्या उपयोगाचा नव्हता, आणि तरीही ती वाटाडीच होती.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. लढवय्या चालवणारा मुलगा संध्याकाळी जिना उतरताना म्हणाला, "सर, आज मी नसतो तरी चालले असते." बरोबर होते त्याचे. २०१४ च्या लढवय्याकडे लढाईबाहेर करण्यासारखे जवळजवळ काही नाही. आम्ही एकाचे ताट वाढताना दुसऱ्याचे विसरलो होतो. २०२४ च्या नियमांत लढवय्याला एक सोय दिली आहे: दम भरून घेण्याची आपली शक्ती तो फसलेल्या कुठल्याही प्रयत्नाला दहा बाजूंचा फासा जोडण्यासाठी वापरू शकतो, आणि तरीही फसला तर ती शक्ती खर्ची पडत नाही. छोटी गोष्ट, पण दार चढवताना, गाडा ढकलताना तो मधे येऊ लागला.

त्याच २०२४ च्या नियमांनी वाटाड्याचे काय केले? वाट न चुकण्याचा तो नियम काढूनच टाकला. त्याची सुरुवात २०२० च्या एका पुरवणीतल्या पर्यायी नियमाने झाली होती. आता वाटाड्याला एका कौशल्यात विशेष प्रावीण्य आणि दोन भाषा मिळतात, आणि एका शत्रूवर खूण करून त्याला जास्त इजा करण्याचा मंत्र फुकट म्हणता येतो. बहुतेक खेळाडूंना हे आवडले आहे, आणि त्यांचे चूक आहे असे आम्हांला म्हणवत नाही. जो नियम वापरताच नाहीसा होतो तो ठेवून तरी काय उपयोग? पण आम्हांला त्यात आमच्या जादूच्या धनुष्याची आठवण येते.

गेल्या वर्षी आम्ही नवी मोहीम सुरू केली, नव्या नियमांनी. तिने या वेळी लढवय्या घेतला आहे, मोठ्या कुऱ्हाडीचा. वाटाड्या आता दुसराच एक मुलगा चालवतो, त्याने सिंहगडसुद्धा गाडीनेच पाहिला आहे. परवा त्याने नकाशावर बोट ठेवून खिंडीतून जायचे ठरवले. सगळे तयार झाले. ती कुऱ्हाडीचा फासा हातात खुळखुळवत होती. तिने विचारले, "वारा कुठून येतोय?"

आम्ही दोघांनी नकाशाकडे पाहिले. वारा आम्ही लिहिलेलाच नव्हता.